वानगीची माती

सारजा म्हणजे माझी पाठची बहीण. ताडकळसात कंपूटरवर बोट ठेवणारी पयली बाई तीच. कुणाला शंका आसंल तर खुशाल इचारून यावं. तिला शाळेत कुणी घातलं, ते बी गावाला ठाऊक हाय. माय-बाप उसाच्या तोडीला जायचे, पोर पाचटाच्या कोपीत वाढली. तरी बी.एस्सी. झाली अन् परभणीच्या एका सरकारी हापिसात लागली. तितं देवळात जावं तसं चपला काढून आत जायचं. भायेर माणसं घामानं निथळायची, आत मशनीसाठी गार हवा.

त्या मशनीत एक नवाच कारभार आल्ता. नासलेल्या जमिनीचं काय करावं, हे मशीन सांगायची. माती कशी हाय, पाणी किती खोल हाय, भवती वस्ती हाय का, सगळं भरायचं. छतावरच्या मोठ्या छत्रीतनं ते दिल्लीला जायचं अन् तिकून उत्तर यायचं : घरं बांधा, नुसतं गोदाम बांधा, न्हाईतर हात लावू नका.

गावाच्या कडंला एका बुडीत सोसायटीचं फवारणीच्या औषधाचं गोदाम होतं. पत्रे उडाले, पावडर पावसानं भुईत मुरली. ती जागा ऊसतोड्यांच्या घरकुलाला द्यायचं ठरायलं होतं. त्यात आमची माय, धुरपदाबाई, बी होती. जल्म कोपीत काढलेल्या बाईला पक्कं घर! सारजानं ते काम मागूनच घेतलं. हापिसातला शिपाई गावातनं माती घेऊन गेला, तपासणी झाली, मशनीतनं उत्तर आलं : घरं बांधा.

ऐतवारी सारजा गावी निघाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदानं यष्टी न्हवती, थोरल्या भावाच्या, म्हंजी माझ्याच, सायकलवर मागं बसून आली. मायनं गूळ वाटला. सरपंच सूर्यभान हसत म्हणला, "आपल्या पोरीची मशीन, आपल्याच बाजूनं बोलणार की!"

"मशनीचं काय कवतिक?" माय म्हणली. "माती म्या दिली! शिपायाला म्हणलं, तू च्या पी, म्या आणते. वरच्या अंगाची लिंबाखालची काढली, खडे निवडले, चाळून दिली. मोंढ्यात यापाऱ्याला कापसाची वानगी दाखवतो तशी. कचरा कुणी दाखवतं व्हय?"

सारजाच्या हातातला गूळ हातातच राह्यला.

"माय, गोदामाखालची न्हाई दिली?"

"ती वास मारणारी? सरकारी माणसाच्या हातात द्यायसारखी हाय का ती?"

"मग मशनीनं लिंबाखालच्या मातीला होय म्हणलंय. उद्या गोदामाच्या मधली न्यायची."

सूर्यभानचं तोंड कडू झालं. "ताई, होय आलंय. हातानं त्याचं न्हाई कशाला करायलीस? साहेब काय इतं बघायला येणारंय?"

"साहेब इतं राहायला येणार न्हाई, मामा. आपली लेकरं येणारेत. त्याच भुईवर रांगणार, तितल्याच आडाचं पाणी पिणार."

"अन् न्हाई आलं तर? दुसरी जागा तू देतीस?"

"मागीन. साहेबाच्या टेबलापशी उभी राहीन, मिळस्तोर मागीन. हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत उभी राहीन."

माय उसळली. "चार बुकं शिकली अन् मायचं घर मोडायली! लोकायला काय सांगू मी?"

"माझं नाव सांग," सारजा म्हणली. "घर दुसरं मागता येतंय, माय."

राती मायनं भाकर वाढली ती बी पाठ फिरवून. सारजानं सगळी खाल्ली. आमच्या घराण्यात ताटावर कुणी रुसत न्हाई.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता सारजा कुदळ हुडकायली. कुदळ जाग्यावर न्हवती. मायचं अंथरूण बी रिकामं. तशीच ती गोदामाकडं गेली, तर माय पदरानं नाक बांधून मधोमध खांदायलीय. खालनं पिवळसर माती निघायली, वासानं डोळे चुरचुरायले. सूर्यभान कडंला उभा राहून "धुरपदाबाई, ऐका माझं, घरी चला" म्हणायला. माय त्याच्याकडं बघंना.

"थैली धर," ती सारजाला म्हणली. "कोपऱ्यातली बी लागती का?"

"चारी कोपऱ्यांतली," सारजा म्हणली, अन् मायच्या हातातली कुदळ घेतली.