नसीरभाईंची जड साइट

कुसगावच्या वळणावर किल्ल्यांचा जुडगा हलवत गाड्या थांबवायच्या, खिडकीशी वाकून "रूम पायजे का?" विचारायचं आणि काच वर गेली की पुढच्या गाडीकडे धावायचं, यात नसीरभाईंची उमेदीची वर्षं गेली. घरावर तीन खोल्या, खाली बायको जाहिदाच्या हातचं जेवण. खोल्यांची वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी त्यांनी जुडगा खिळ्याला अडकवला. "आता रस्त्यावर उभा ऱ्हाणार न्हाई," म्हणाले.

पण पाहुण्याच्या ताटात जागा रिकामी दिसू नये, ही या माणसाची जुनी खोड. साइटलाही तेच. ती करून देणाऱ्या रेणुकाकडे दर महिन्याला नवी फर्माईश: पडद्यावर पाऊस पडू दे, धुकं सरकू दे, बासरी वाजू दे, कोपऱ्यात बोलणारी बाहुली असू दे.

"चाचा, प्रत्येक गोष्टीला वेगळा कोड लागतो. साइट जड होतेय, उघडायला वेळ लागतो."

चाचा घरच्या वायफायवर उघडून दाखवायचे. "बघ की, कुटं जड हाय?"

हळूहळू फोन थंडावले. शेजारी खोल्या देणाऱ्या विक्कीनं गिऱ्हाईक फोडलं, असा नसीरभाईंनी ग्रह करून घेतला. मग एका शनिवारी मळवली स्टेशनाबाहेर एक जोडपं त्यांचीच साइट उघडताना दिसलं. नसीरभाईंची छाती फुगली. पण पडदा पांढराफटक, मधे चक्र गोल फिरतंय, फिरतंच आहे. खोलीच्या फोटोआधी पाऊस, धुकं, बासरी, बाहुली अशी वरात उतरत होती, आणि तिथं रेंज नावालाच. नाकापेक्षा मोती जड! "जाऊ दे," म्हणत बाईनं विक्कीचं पान उघडलं. एक फोटो, दर, नंबर. फोन लागलासुद्धा. "अहो, ती साइट माजीच हाय..." म्हणेपर्यंत दोघं रिक्षात बसली होती.

रेणुकानं सगळी सजावट काढून टाकली. साइट आता चुटकीसरशी उघडते. पण बैल गेला आणि झोपा केला. नेटवर खोली शोधणाऱ्याला ती यादीत पार तळाशी दिसते, जुने पाहुणे विक्कीकडे रुळलेत. जाहिदा दोघांपुरताच तांदूळ निवडते.

या शनिवारी त्यांनी खिळ्यावरचा जुडगा काढला. गुडघे आता धावू देत नाहीत. बऱ्याच वेळानं एक गाडी थांबली, काच खाली आली. नसीरभाई वाकले.

"रूम पायजे का?"

आतल्या मुलीनं मोबाइल दाखवला. "बुकिंग ऑनलाइन झालंय, काका. विक्कीचं घर कुठे आलं, तेवढं सांगा ना."

नसीरभाईंनी जुडगा धरलेल्या हातानंच रस्ता दाखवला.