दुसऱ्या गणातले काका

मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम यांना घरच्या नातेवाइकांसारखं ओळखणारा माणूस अख्ख्या पेण तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काका रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. एसटीने जायचे, शिफ्ट संपवून यायचे आणि उरलेला दिवस मूलद्रव्यांच्या तक्त्यातल्या या दुसऱ्या गणाचे गोडवे गाण्यात घालवायचे. दिवाळीत आभाळात लाल बाण फुटला की आम्ही टाळ्या पिटायचो, काका "स्ट्रॉन्शियम!" म्हणून ओरडायचे. घराला चुना काढायचा असला की कळीच्या चुन्यावर पाणी ओतून सगळ्या आळीला तो रटरटताना दाखवायचे; एकदा तर त्याच उष्णतेवर चहाचं भांडं ठेवून त्यांनी रॉकेल वाचवलं. चहात चुना उडाला होता, पण मावशीखेरीज कुणी तोंड उघडलं नाही. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींना त्यांनी सांगितलं, "मॅग्नेशियम गार पाण्याला दाद देत नाही, त्याला गरमच लागतं. कॅल्शियम गार पाण्यातसुद्धा फसफसतं. आमची मुलगी कॅल्शियम आहे." पाहुण्यांनी पोहे अर्धवट टाकले.

आमच्या शेजारी शेवंता होती. धरमतरकडच्या मिठागरवाल्या घरातली, लग्न होऊन पेणला आलेली. सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना होता, आणि त्यांच्या मागे लागून लागून तिने मूर्ती ओतायचं काम मागून घेतलं. पहिल्याच दिवशी प्लास्टर साच्यात जायच्या आधी घमेल्यातच दगड झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. सासरे म्हणाले, "बाईमानसाचा काम नाय गो. उद्यापासून साच्यांना हात लावू नको."

हे ऐकून काका कंपनीच्या कपड्यांतच तिकडे धावले, मागोमाग मी. "प्लास्टर म्हणजे कॅल्शियमच, ते उगाच घाई करणार नाही," म्हणत त्यांनी बादलीतलं पाणी बोटाने चाखलं. "मीठ कुणी टाकलं?"

"मीच," शेवंता म्हणाली. "म्हायेरी नवा काम काढला का पयली मूठ मिठाची टाकतात, शकुनाची."

मिठाने प्लास्टर झटकन आवळतं, हे काकांनी तिला हळूच सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "मामंजींना सांगू नका वो. माज्या म्हायेराला नावं ठेवतील."

तेवढ्यात सासरे आलेच. काका ताठ उभे राहिले. "पोतं जुनं आहे. दमट हवेने कॅल्शियम बिघडलंय. पोरीचा हात चांगला आहे, नवं पोतं फोडा."

दुसऱ्या दिवशी बिनमिठाच्या पाण्यात कालवलेल्या प्लास्टरची मूर्ती साच्यातून सोंडेसकट सुबक निघाली. सासऱ्यांनी मूर्तीवरून हात फिरवला, "बरी आलीय गो," म्हणाले आणि आणखी एक साचा शेवंताकडे सरकवला.

घरी परतताना मी विचारलं, "काका, पोतं तर ताजं होतं. खोटं का बोललात?"

"कॅल्शियमला वाईट वाटत नाही रे," ते म्हणाले. "तिला वाटलं असतं."

शेवंता आता सुनेला ओतकाम शिकवते. काका नाहीत. असं खोटं बोलणारं एखादं माणूस जवळ असावं, असं मला फार वाटतं.