शत्रूच्या वर्दीतला दादा

घोडबंदरच्या बाजूला आता टॉवर उभे आहेत, पण तेव्हा तिथल्या डोंगराखाली सिनेमावाले लढाया करायला येत. माझा मोठा भाऊ, दादा, अशा एका लढाईत होता. वागळे इस्टेटमधली त्याची कंपनी बंद पडलेली, वडील आधीच गेलेले, आणि ठाण्यातल्या आमच्या चाळीत शूटिंगला माणसं पुरवणारा एक जण राहायचा. त्याने विचारलं, "मरून पडायला जमेल का रे? पडणाऱ्याला जास्त देतात." दादा दुसऱ्याच दिवशी गेला.

माणसं कमी होती, म्हणून सकाळी तो आपला सैनिक आणि दुपारी वर्दी बदलून शत्रूचा. सकाळचा दादा धुळीत कुठेच ओळखू येत नाही. दुपारचा मात्र स्वच्छ दिसतो. शत्रूचा सेनापती आपल्या सैनिकांना नोटा वाटतो, दादा त्या हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघत हसतो आणि लगेच हिरो त्याला गोळी घालतो.

सिनेमा लागला तेव्हा दादाच आम्हाला घेऊन गेला. मी आठवीत होते. तो मेला तसं अख्खं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं, आणि सगळ्यात जोरात शिट्टी त्याचीच. आईने अंधारात त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"अगं आई, मी इथे बसलोय ना! आणि खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं, असं तूच म्हणतेस."

तरी घरी आल्या आल्या तिने मीठ-मोहरी ओवाळून त्याची दृष्ट काढली. चाळीत कुणाला सांगायचं नाही, असं आम्हाला बजावलं. मुलगा पडद्यावर मेला हे तिला सांगायलाही अशुभ वाटत होतं.

त्यानंतर काही दिवसांत दादा फौजेत भरती झाला. सिनेमातल्या हिरोची आई कपाळाला टिळा लावून, ताठ मानेने मुलाला पाठवते. आमची आई त्याची बॅग धरून बसली होती.

"पक्की नोकरी आहे गं," दादा तिला समजावत होता. "कंपनीसारखी उद्या बंद नाही पडणार."

सिनेमात असं कुणी बोलत नाही. तिथे आपले सगळे मातीसाठी जातात, पैशासाठी लढतो तो फक्त शत्रू. हे लिहिणाऱ्यांनी भरतीची रांग कधी पाहिली नसावी. मला त्यांचा अजून राग येतो.

त्याची मनीऑर्डर येत राहिली आणि तिच्यावर माझं कॉलेज झालं. मग एक दिवस तो काश्मीरमध्ये लढताना गेल्याची तार आली. पुढे त्याचा एक सोबती घरी येऊन गेला. जखमी होऊन पडलेल्या मित्राला ओढून आणायला दादा परत मागे गेला होता, असं त्याने सांगितलं. तसा कुणाचा हुकूम नव्हता. नोकरीसाठी गेलेला माझा भाऊ तिथे शेजारच्या माणसासाठी जीव देऊन बसला. हेही मी कुठल्या सिनेमात पाहिलं नव्हतं.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मंडळाने त्याच्या स्मरणार्थ चौकात देशभक्तीचा सिनेमा ठेवला. संध्याकाळी टेबलावर मोठा टीव्ही, शेजारी स्टुलावर हार घातलेला दादाचा फोटो, आणि पहिल्या खुर्चीत आई. एका पुढाऱ्याचं भाषण झालं. "हा वीर पोटापाण्याचा विचार न करता सीमेवर गेला!"

आई माझ्याकडे वळली. "पोटापाण्यासाठीच गेला ना गं तो?" तिने इतक्या हळू विचारलं की जणू चूक तिचीच होती. मला रडू आवरेना.

मग टीव्हीवर सिनेमाची नावं सुरू झाली आणि मी ओळखलं. मंडळाने व्हिडिओ लायब्ररीतून नेमकी तीच कॅसेट आणली होती. त्यांचा काय दोष? आम्हीच कुणाला सांगितलं नव्हतं, आणि माणसं पुरवणारा केव्हाच चाळ सोडून गेला होता.

"आई, चल घरी. हा तो सिनेमा आहे."

"कळलंय मला." तिने माझा हात घट्ट धरला. "बस. तो दिसेल."

घरात त्याचे फोटो होते. पण हलणारा, हसणारा दादा सगळ्या जगात तेवढाच उरला होता.

नोटा वाटल्या गेल्या. दादा हसला. फोटोतला मिशीवाला जवान आणि टीव्हीवरचा तो कोवळा पोरगा एकच, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. हिरोने गोळी घातली आणि चौक टाळ्यांनी दणाणला. ज्यांनी त्याला खांदा दिला होता तेही वाजवत होते. मला उठून किंचाळावंसं वाटत होतं.

उठली आई. सरळ व्हिडिओवाल्याजवळ गेली.

"भाऊ, जरा मागे घ्या ना."

त्याला वाटलं, मुलगा गमावलेल्या बाईला शत्रू मेलेला पुन्हा बघायचाय. "घेतो की मावशी!" त्याने हौसेने बटण दाबलं.

चित्र उलटं धावायला लागलं. जमिनीवर पडलेला दादा उठून उभा राहिला. नोटा हातात घेऊन हसला.

"इथेच थांबवा," आई म्हणाली.

"थांबवलं की चित्र फाटतं, मावशी. जुनी कॅसेट आहे," असं म्हणून त्याने सिनेमा पुढे सोडला. आई टीव्हीसमोर उभी होती. गोळी सुटली आणि तिच्या पाठीमागे सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.