उशाशी ठेवण्याजोगं मशीन

"रविवारी बाबांना घेऊन जातो मशीन बघायला," निलेश जेवताजेवता म्हणाला आणि कालिंदीच्या हातातली आमटीची पळी ताटावर तशीच थांबली.

तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीत मोटर असलेली वस्तू निलेशच्या बाबांना, म्हणजे गंगाधरभाऊंना, दाखवल्याशिवाय कुणी घेतच नसे. मिक्सर असो, पंखा असो, शिलाईची मोटर असो, भाऊंना टॅक्सीत घालायचं आणि दुकानात न्यायचं. भाऊ मशीन चालू करायला सांगणार, डोळे मिटून कान देणार, वर तळहात ठेवणार आणि म्हणणार, "घे." नाहीतर म्हणणार, "चल, चहा पिऊ." चहाचं नाव काढलं की दुकानदाराचं गिऱ्हाईक गेलंच. सगळी हयात गिरणीत साच्यांवर कापड विणण्यात गेलेली. खडखडाटात नेमक्या कुठल्या साच्याचं पोट दुखतंय, ते ह्या माणसाला कळायचं.

साचेवाल्यांना थोडं कमी ऐकू येतं हेही चाळीला ठाऊक होतं. पण गेल्या गणपतीपासून जे काही यायचं तेही उरलं नव्हतं, आणि हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, कालिंदीला.

दुसऱ्या कुणाला कळणार कसं? साचेखात्यात शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथली माणसं ओठ बघून बोलणं ओळखत. समोरच्याचं तोंड दिसलं की भाऊंचं उत्तर अचूक. तोंड फिरलं की संपलं. मग कालिंदी पुढे होई आणि त्यांच्या वाटचंही बोलून टाकी. बायको नवऱ्याला तोंड उघडू देत नाही, अशी तिची ख्याती झाली होती. झाली तर झाली, त्याला काय भाडं पडतं?

सगळा जीव अडकला होता तो पाण्याच्या पंपात. चाळीचा पंप भाऊंकडे होता. रोज सकाळी चावी घेऊन खाली जायचं, पंप चालू करून स्टुलावर बसायचं, गच्चीवरची टाकी भरायची. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, बरोबरीचे सोबती गेले; भाऊंना अजून कुणी भाऊ म्हणत होतं ते त्या चावीमुळे. पण खालच्या टाकीतलं पाणी संपलं की पंपाचा आवाज बदलतो, आणि तो तेव्हाच्या तेव्हा बंद केला नाही तर मोटर जळते. पलीकडच्या इमारतीत जळली, तर बायाबापड्या टँकरमागे धावत होत्या.

आणि चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी कोण, तर पोटचा निलेश. "बाबांचं जरा जरी कमीजास्त दिसलं ना, तर मीच आधी चावी काढून घेईन. नाहीतर लोक म्हणतील, घरचा माणूस म्हणून झाकतो," असं तो एकदा सहज म्हणाला होता. त्याच्या तोंडून सहज गेलं, कालिंदीच्या पोटात कायमचं राहिलं.

"पण मशीन कसलं रे?" तिने विचारलं.

"बिटकॉइनचं. मायनिंग करतं."

"आई, ते रात्रंदिवस वीज खातं आणि गणितं सोडवतं," सून नम्रता म्हणाली. "नशीब असेल तर त्याचे पैसे मिळतात. हातात घ्यायला नोट नाही, वाजवायला नाणं नाही. ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी डोक्यात भरवलंय. मी एवढंच सांगितलंय, आवाज करणारं आणलंत तर मी माहेरी."

"म्हणूनच बाबांना नेतोय ना," निलेश म्हणाला. "दुकानात दोन आहेत. एक मोठं, वापरलेलं. एक लहान, नवं. मोठं घ्यायचा विचार आहे. पोटमाळ्यावर राहील. बाबा पंखे बघून सांगतील."

भाऊ त्याच्या ओठांकडे बघत होते. "चला की," म्हणाले. खुशीत होते.

"मीपण येते," कालिंदी म्हणाली. "मला चहाची गाळणी घ्यायचीय."

लॅमिंग्टन रोडवर वायरी मिळतात, गाळण्या मिळत नाहीत, हे तिलाही माहीत होतं. पण भाऊंच्या कोपराला धरून उभं राहायचं, आवाज असला तर दाबायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

दुकान म्हणजे बोळ. दोन माणसं शिरली की तिसऱ्याने श्वास रोखायचा. दुकानदाराने आत शिरतानाच तिला दाराशी स्टूल दिलं. "आंटी, आप इधर आराम से बैठो." झाला आराम. कोपर राहिला आत आणि ती राहिली बाहेर.

लहान मशीन तळहाताएवढं होतं, खेळण्यातल्या टीव्हीसारखं. लावलं तर चालू आहे की बंद, तेही कळेना. "ये लॉटरी टिकट समझो," दुकानदार म्हणाला. "लगी तो लगी. बिजली ना के बराबर." मोठं होतं पावाच्या लादीएवढं, दोन्ही टोकांना पंखे. त्याने बटण दाबलं आणि मशीन असं काही किंचाळलं की रस्त्यावरचा एकजण वळून बघायला लागला. मिक्सरमध्ये सुकं खोबरं घालून झाकण धरायला विसरावं, तसा आवाज, आणि तो थांबेचना. निलेशने कानांवर हात घेतले.

भाऊंनी डोळे मिटले. कान दिला. वर तळहात ठेवला. कालिंदीने दारातून हात हलवला, पण मिटलेल्या डोळ्यांना काय दिसणार? ती उठली तर मध्ये निलेशची पाठ.

"पंखे झकास आहेत," भाऊ समाधानाने म्हणाले. "जरासुद्धा थरथर नाही. आणि आवाज म्हणशील तर काहीच नाही. उशाशी ठेवून झोप."

दुकानदार हसला. त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. निलेश हसला नाही. त्याने कानांवरचे हात हळूहळू खाली घेतले.

"मला नाही सोसायचा हो हा आवाज," कालिंदी दारातून भराभर बोलत सुटली. "ह्यांचं काय, ह्यांना साच्यांची सवय. त्या मानाने हे कमीच. लहान घे रे निलेश, लहानच बरं."

निलेशने लहान मशीन घेतलं. पैसे मोजतानाही त्याची नजर बापावरच होती.

बसस्टॉपवर तो बापाच्या समोर जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण कालिंदीला एक अक्षर ऐकू आलं नाही. रस्त्यावर गोंगाट होता म्हणून नव्हे; त्याने आवाज काढलाच नव्हता.

"ही काय, खिशातच आहे," भाऊ म्हणाले आणि पंपाची चावी काढून दाखवली.

निलेशने आईकडे बघितलं. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सेक्रेटरी," ती म्हणाली.

बस आली. घरापर्यंत एकटे भाऊ पंख्यांची तारीफ करत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ पंपावर निघाले तेव्हा निलेशने पायात चपला सरकवल्या. "मी येतो खाली," म्हणाला. झालं, कालिंदीला वाटलं, आजच घेतो चावी. चारचौघांसमोर न घेतली म्हणजे मिळवली.

ती चादर उचलून गॅलरीत गेली. रोजच जायची. शेजारच्या जाईबाई रोज हसायच्या, "वहिनी, किती झटकाल ती चादर, सूत निघून हातात येईल." जाईबाईंना काय सांगायचं? पंप चालू झाला की कालिंदीने वरून कान देऊन उभं राहायचं. आवाज बदलला की कठड्यावरून चादर झटकायची. खाली भाऊ पंपाच्या खोलीच्या दारात, वर तोंड करून बसलेले. चादर हलली की पंप बंद. गणपतीपासून चाळीची मोटर त्या एका चादरीवर शाबूत होती.

आज मात्र भाऊंचं तोंड वर नव्हतं. ते निलेशच्या ओठांकडे बघत होते. बाप-लेकाचं काय चाललंय ते वरून समजेना. तेवढ्यात पंपाची घरघर पोकळ झाली, वर चढली. कालिंदीने चादर झटकली. कुणी बघितलं नाही. पुन्हा झटकली.

निलेशने मान वर केली. एकदा पंपाकडे बघितलं, एकदा आईच्या हातातल्या चादरीकडे. आणि मग बापाच्या खांद्यावर बोटांनी टिचकी मारली. भाऊंनी हात लांब करून बटण बंद केलं.

दोघं वर आले तेव्हा कालिंदीने आधी खिसा बघितला. भाऊंच्या सदऱ्याचा खिसा चावीच्या वजनाने तसाच लोंबत होता. ते थेट फळीपाशी गेले, कालच तिथे लावलेल्या त्या तळहाताएवढ्या मशीनवर हात ठेवला आणि म्हणाले, "चालतंय."

"कमिटीच्या मीटिंगमध्ये काय सांगशील?" तिने निलेशला हळूच विचारलं.

"खरं तेच सांगेन. बाबांना ऐकू येत नाही."

तिने भाऊंच्या खिशाकडे पुन्हा बघितलं.

"आणि पंप आई-बाबा दोघं मिळून बघतात," तो म्हणाला. "आधीपासून दोघंच बघत होते. उद्यापासून तिसरा मी. त्यावर कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणू दे."

कुणीतरी म्हणणारच होतं. कोण कोण म्हणेल, ती नावंही कालिंदीला पाठ होती. तिने गॅलरीत येऊन चादरीची घडी घालायला घेतली.

"आज दोनदाच झटकलीत, वहिनी?" कठड्याला टेकून जाईबाईंनी विचारलं.

"मळलीच नव्हती हो फारशी," कालिंदी म्हणाली.