लांबलेलं बारसं

दाराला आतून कडी लागल्याशिवाय अक्का माझ्या मुलीला दूध पाजू देत नसत. भर दुपारी, जिन्यात चिटपाखरू नसताना, कडी. वर खिडकीचा पडदाही ओढायच्या. गंगापूर रोडवर, आमच्या तिसऱ्या मजल्यावर कोण डोकावणार होतं? "भिंतीला कान असतात, अन् डोळेबी असतात," अक्का म्हणत, आणि विषय संपे.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा वारल्यावर कळवणला एकट्याच राहायच्या. माझ्या मुलीची टाळू जन्मतःच दुभंगलेली निघाली, दूध नाकातून परत येऊ लागलं, तेव्हा न बोलावता पिशवी घेऊन हजर झाल्या. दातांच्या डॉक्टरांनी मुलीच्या तोंडाचं माप घेऊन एक गुलाबी प्लेट करून दिली होती, कवळीची धाकटी बहीणच म्हणा. पाजताना ती टाळूला बसवायची, म्हणजे फट झाकते आणि दूध पोटात जातं. वजन भरलं की ऑपरेशन. तोवर सगळी भिस्त त्या प्लेटवर.

ती बसवण्यात अक्कांचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझ्याकडून ती तिरकीच बसायची. अक्का मात्र "उघड गं बाय तुझं कवाड," असं गुणगुणत अलगद काम उरकायच्या, मग मांडीवर उभी धरून बोंडल्यानं पाजायच्या.

पण आम्ही कोंडलेल्याच होतो. माझा नवरा सकाळीच देवळाली कॅम्पला कामावर जाई आणि मी, अक्का आणि तो ओढलेला पडदा उरत असू. शेजारीण आली की अक्का दार बोटभर उघडून सांगत, "बाळ झोपलंय." सदानकदा झोपणारं हे बाळ एव्हाना सोसायटीत गाजलं असणार.

बारशाचंही तेच. नाव आत्यानं कानात सांगायचं, आणि आत्याच टाळत होती. आधी वार बरा नव्हता, मग अमावास्या आली, मग पितृपक्ष. "लोकं विचारतील, ग्रहनात काय चिरलं व्हतं? काय सांगशील?" मी काहीच चिरलं नव्हतं. ग्रहणाच्या दिवशी मी ऑफिसात होते. पण भांडायचं त्राण नव्हतं. वाटायचं, हिचं आयुष्य असंच पडद्याआड, बिननावाचं जाणार. मला अक्कांचा भयंकर राग यायचा, आणि त्यांच्यावाचून माझं पानही हलत नव्हतं.

अक्कांचं दुसरं वेड उकळण्याचं. बोंडलं, वाटी, चमचा, सगळं खळखळत्या पाण्यात. प्लेट तेवढी साध्या पाण्यानं धुवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका सकाळी मुलगी शिंकली. "गार पान्यानं कुठं जंतू मरत्यात?" म्हणत अक्कांनी प्लेटही पातेल्यात टाकली. बाहेर काढली ती वाकडी होऊन. काही केल्या तोंडात बसेना. दूध पुन्हा नाकातून आलं आणि मुलगी ठसक्यानं लालबुंद झाली.

मी तोंड सोडणार, तेवढ्यात अक्कांनी कडी काढली. पोरीला छातीशी धरून जिना उतरल्या. खाली हातगाडीपाशी बायका भाजी घेत होत्या. "काय झालं हो?" एकीनं विचारलं.

"टाळू फाटकी हाय लेकीची. अन् तिची प्लेट मी बिघडवली," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "रिक्षा बघा कोनी तरी!"

ग्रहणाचं नाव कुणी काढलं नाही. एकजण मेथीची जुडी टाकून रस्त्याकडे धावली.

रिक्षात अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा पोरगा बी असाच व्हता. तवा असलं काय नव्हतं. कोंडून ठिवला मी त्याला. गेला." मी नुसता त्यांचा हात धरला. राग कुठे गेला कळलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा माप घेतलं, संध्याकाळपर्यंत नवी प्लेट दिली. तोवर अक्का तिला थेंब थेंब पाजत बसल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः घरोघरी बारशाची बोलावणी केली, घुगऱ्या शिजवल्या आणि पोरीच्या कानात नाव सांगितलं: जुई.

जुईचं ऑपरेशन नीट पार पडलं. ते बघून अक्का कळवणला परतल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. जुई आता थोडी नाकात, पण न थांबता बोलते. ते ऐकायला अक्का हव्या होत्या.

बारशाच्या संध्याकाळी बायका गेल्यावर अक्का मोरीत भांडी घासत होत्या. मी भीत भीत विचारलं, "अक्का, तुमच्या मुलाचं नाव काय होतं?"

त्या घासत राहिल्या. "ठिवलंच नाय. लोकं बघतील म्हनून मी बारसं पुढं पुढं ढकलत ऱ्हायले. तो थांबला नाय तेवढा."