दामूकाकाच्या दगडापर्यंत

आमच्या गावामागच्या टेकडीवर जायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा बाबांनी मोडता घातला. "तुला झेपणार नाही." मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. फुप्फुसांत चिकट कफ साठतो, जेवणासोबत पचनाच्या गोळ्या लागतात आणि घामातून मीठ भसाभसा वाहून जातं. त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. पण हट्टीपणा मी बाबांचाच उचललाय.

गेल्या नोव्हेंबरमध्ये नागपुरात माझ्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. हाताला पट्टा करकचून आवळतात, पाच मिनिटांनी सोडतात आणि रक्त धावून आल्यावर धमनी किती रुंदावते ते पडद्यावर बघतात. माझी जेमतेम रुंदावली. "फुप्फुसांच्या मानानं तू लवकर थकतेस, त्याचं हे एक कारण असू शकेल," डॉक्टर म्हणाल्या. "व्यायाम वाढवून बघू." तीन महिने मी इमारतीचा जिना चढले-उतरले. मला एकदाच ती टेकडी चढून वरच्या महादेवाला हात लावायचा होता. या वेळी बाबा म्हणाले, "मीही येतो."

नागपूरहून यवतमाळ, तिथून आर्णी, दोन्ही एसटीनं. पुढे आमच्या गावापर्यंत ऑटो, भाडं आधीच ठरवून घ्या. माझ्यासारखा आजार असेल तर विजेच्या यंत्रावर घ्यायचं वाफेचं औषध सकाळीच उरका, गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही. मीठ-साखरेचं पाणी दोन बाटल्या हवंच. आणि हाच आजार असलेल्या मैत्रिणीला सोबत नेऊ नका. आमचे जंतू एकमेकींना बाधतात, म्हणून डॉक्टर आम्हाला जवळजवळ बसू देत नाहीत. माझ्या अशा दोन मैत्रिणी आहेत, दोघी फोनवरच्या.

गावात बाबांचे चुलतभाऊ देवरावकाका राहतात. झुणका, ज्वारीची भाकर, ठेचा आणि माझ्या तीन गोळ्या असं पोटभर जेवून आम्ही तिघं अकराला निघालो. फेब्रुवारी सरत आलेला. सागाची पानं गळून वाटेवर पसरलेली, पाऊल टाकलं की कडकड वाजायची. वारा नाही, पाखरू नाही. भर उन्हात एवढी शांतता मला सोसेना, म्हणून मी उगाच बडबडत होते. बाबा मात्र वाटेकडे बघत चालले होते.

थोडं चढल्यावर मागून चौथी पावलं ऐकू आली. आम्ही थांबलो की ती थांबायची. वळून पाहिलं तर नुसते साग.

"कोणी आहे का मागे?"

"चाल तू," देवरावकाका म्हणाले.

अर्ध्या वाटेवर पोटऱ्या दगड झाल्या. छाती अजून तयार होती, पाय नव्हते. वाटेत बसण्याजोगे खडक कितीतरी गेले होते, पण मी बसले ती एका काळ्या सपाट दगडावर. तो मधोमध खोलगट होता, हाताला गुळगुळीत लागला. मान वर केली तर दोघंही माझ्याकडे बघत होते. बाबांचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात पानं वाजली आणि सागांतून एक गाय आली. मग दुसरी, तिसरी. एकीनं माझं मनगट चाटायला सुरुवात केली. जीभ खरखरीत, गरम. मी घाबरून हात ओढला.

"भेऊ नको वं पोरी," देवरावकाका म्हणाले. "दामू बी इथलोकच ये. याच्यावर कधी गेलाच नाही. मी ढोरं चारत राहो, अन् तो या दगडावर बसून खोकत राहे. ढोरं त्याचं आंग चाटत."

दामू म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. चौदाव्या वर्षी गेला, एवढंच मला ठाऊक होतं.

"दगडावर मीठ ठेवता का?"

"कायले ठेवतो? तवाचे ढोरं कधीच मेले. हे त्याइच्या नातवाइचे नातू. तरी येतेत."

आता बाबा बोलू लागले. "आई त्याला खारट पोरगं म्हणायची. तू झालीस, तुझी पापी घेतली, तर ओठांना तीच चव. त्याच दिवशी डॉक्टरांच्या मागे लागलो. म्हणून तुझं वेळेत कळलं. पण तूही इथंच बसशील, याची भीती वाटायची."

मला रडू आलं. मग उठले आणि वर निघाले. बत्तीस पावलं मोजली, तेहतिसाव्याला पाऊल उचलेना. महादेव बराच वर होता. खाली पाहिलं तर बाबा दगडाच्या अगदी कडेला बसले होते, शेजारी एका माणसाची जागा सोडून. गाय ती रिकामी जागा चाटत होती.

परतल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. दामूकाकाला नेमकं काय होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. बरोबर आहे. जिना मी रोज चढतेय, दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे.

त्यांनी नेहमीचा प्रश्नही विचारला, असा आजार असलेल्या कुणाच्या शेजारी बसली होतीस का? मी नाही म्हणाले. घरी येऊन टेकडीवर घातलेला कुडता धुवायला काढला, तर बाहीवर मनगटाशी मिठाची पांढरी रेघ होती, आणि दगडावरची ती रिकामी जागा आठवून मला वाटलं, आपण डॉक्टरांशी खोटं बोललो.