दोघांना दिसला तरच

गावात एकच घड्याळजी उरला होता आणि तोही सगळीकडे उशिरा पोचायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची वेळ सुधारणारा हा माणूस स्वतःच्या लग्नातही अर्धा तास उशिरा उगवला होता. वर्षातून एकच दिवस तो वेळेवर निघे, थंडीतल्या पाणपक्ष्यांच्या मोजणीचा. त्याचंही श्रेय त्याचं नव्हतं. थोरली बहीण पहाटे पाच वाजता सायकल घेऊन दाराशी यायची आणि तो बाहेर येईपर्यंत घंटी वाजवत राहायची. गल्लीतली निम्मी माणसं त्या दिवशी विनाकारण लवकर उठायची.

यंदा ताईला जाऊन पाच महिने झाले होते. तो चारलाच उठून बसला होता.

बायकोने डबे पुढे ठेवले. दोन.

"दोन कशाला?"

तिने डब्यांकडे पाहिलं. "सवयीने हात गेला हो," म्हणाली आणि एक उचलून आत घेऊन गेली.

बावीस वर्षं भाऊ-बहीण मोजणीला जात होते. तीन तळी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा. याने दुर्बीण लावून आकडे बोलायचे, तिने लिहायचे. ताई टेलिफोन ऑपरेटर होती. कानाने ऐकत कागदाकडे न बघता लिहायचं, हा हात तिला नोकरीने दिला होता. पाण्यावर नजर ठेवून ती लिहायची आणि वर भावाचे आकडेही सुधारायची. "दीडशे काय म्हणतोस? मागचे काय तुझ्या सासरचे आहेत, म्हणून सोडलेस?"

वहीत प्रत्येक पक्ष्यापुढे दोन चौकटी असत, एक त्याची, एक तिची. दोघांना दिसला तरच पक्षी मोजायचा, हा नियम त्याचा. दुसऱ्याच वर्षी त्याने खांबावर गरुड पाहून मोठ्या दिमाखात निसर्गमंडळाला कळवला होता आणि ताईने जवळ जाऊन ती प्लॅस्टिकची पिशवी असल्याचं जाहीर केलं होतं. मंडळात पुढची दोन वर्षं त्याला 'गरुडवाले' म्हणत. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

गेल्या वर्षी तिसऱ्या तळ्यावर नेमकी याच्या सायकलची साखळी पडली. तो खाली बसून ती चढवत होता.

"अरे, इकडे ये! लव्हाळ्यात बघ. तपकिरी बगळा, पट्ट्यापट्ट्यांचा. चोच आभाळाकडे करून उभाय."

"आलो. साखळी बसवतो."

"साखळी मरू दे, मेल्या!"

हा बगळा लव्हाळ्यात लव्हाळ्यासारखाच उभा राहतो. वारा आला की सोबत डोलतो. बावीस वर्षांत दोघांपैकी कुणालाच दिसला नव्हता. काळे हात पुसत हा पोचला तेव्हा समोर नुसती लव्हाळी होती.

"कुठाय?"

"होता."

"मला नाही दिसला."

"मला दिसला ना! का माझे डोळे भाड्याचे आहेत?"

"ताई, नियम म्हणजे नियम."

ती हसली. पण परतताना सगळी वाट पुढेच राहिली, एकदाही मागे वळून बोलली नाही.

उन्हाळ्यात तिची छाती भरली. दवाखान्यात खाटेवरून तिने विचारलं होतं, "माझा बगळा लिहिलास का रे?"

"पुढच्या थंडीत दोघं बघू. मग लिहू," तो म्हणाला. आपण तिला धीर देतोय असं त्याला वाटलं होतं.

म्हणून आज त्याला तो बगळा बघायचा होता. बाकीच्या पक्ष्यांची मोजणी, खरं सांगायचं तर, वाटेत करायचं काम होतं. बगळा एकदा नजरेला पडला की गेल्या वर्षीचं पान उघडायचं, राहिलेल्या चौकटीत खूण करायची, की झालं.

पहिल्या तळ्यावर पक्षी थोडे होते, निभावलं. दुसऱ्या तळ्यावर बदकांचा गालिचाच पसरला होता. त्याने दुर्बीण लावली आणि सुरू केलं, "थापट्या, शंभर... दोनशे... तीनशे चाळीस. तलवार बदक, साठ. चांदवे, चारशे... पाचशे दहा." अर्धा तास सगळं पाणी नीट, कडेकडेने मोजून काढलं. समाधानाने दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाला, "वाच."

वही सायकलच्या कॅरियरला अडकवलेली होती. पान कोरं होतं.

त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मोजून लिहायला मान खाली घातली की बदकं जागा बदलत. तिसऱ्यांदा जे आलं ते त्याने लिहिलं, पण त्या आकड्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

तिसऱ्या तळ्याच्या फाटकावर नेहमीचा चौकीदार होता. "या घड्याळवाले! ताई मागे राहिल्या का?"

त्याने सांगितलं. चौकीदार उभा होता तो स्टुलावर बसला.

"वाटलंच मला काहीतरी. गेल्या थंडीत दर आठवड्याला यायच्या, आणि यंदा एकदाही नाहीत."

"दर आठवड्याला? आम्ही तर मोजणीला एकदाच आलो."

"तुम्ही एकदा. त्या नंतर एकट्याच यायच्या की. तो कसला बगळा आहे ना, त्याच्यासाठी. मला शेजारी बसवायच्या. म्हणायच्या, एकटीने बघून चालत नाही, दोघं लागतात. मला कसला दिसतोय? मला सगळी लव्हाळीच. एकदा म्हटलं, ताई, मला दिसला म्हणून सांगून टाका, मी सही देतो. अशा भडकल्या! म्हणे, आमच्या वहीत खोटं चालत नाही."

"खोकला होता का तिला तेव्हा?"

"होता ना. हा चढ सायकल ढकलत चढायच्या, वर येऊन दम खायच्या. मी म्हणायचो, घरी सांगा, कुणीतरी सोडेल. तर म्हणायच्या, त्याला कळलं तर सगळी मजाच जाईल."

"किती वेळा आली असेल?"

"आता ते कोण मोजतंय?"

तो काठावर जाऊन बसला. डबा उघडला नाही. ऊन उतरेपर्यंत एकेक लव्हाळं बघत राहिला. वारा आला की सगळी डोलायची, थांबला की सगळी थांबायची. बगळा तिथे असेल किंवा नसेल. त्याला दिसला नाही.

उजेड सरत आला तेव्हा त्याने गेल्या वर्षीचं पान काढलं. तपकिरी बगळा. तिच्या चौकटीत तिची पेन्सिलीची खूण होतीच. त्याची चौकट रिकामी होती. तिथे खूण केली असती तर या जगात कुणाला कळणार नव्हतं. त्याने पेन उघडलं. मग चौकटीत लिहिलं, 'मी पाहिला नाही.' आणि त्याच ओळीत संख्येच्या जागी स्पष्ट, मोठा, एक.

"दिसला वाटतं?" फाटकाला कुलूप घालता घालता चौकीदाराने विचारलं.

"नाही."

"मग लिहिलंत काय?"

त्याने वही पिशवीत घातली आणि सायकल हातात धरून चढ उतरायला लागला. गेल्या वर्षीची बेरीज मंडळाकडे जाऊन कधीच छापून झाली होती. उद्या दुकान उघडायच्या आधी पत्र टाकायला हवं होतं. आमच्या गेल्या वर्षीच्या आकड्यात एक पक्षी कमी पडला आहे, तो माझ्या बहिणीने पाहिला होता, चूक सर्वस्वी माझी आहे. एवढंच लिहायचं होतं. उतार संपेपर्यंत ते त्याने मनात तीनदा लिहून पाहिलं, आणि तिन्ही वेळा 'होता'पाशी अडकला.